वाचनालयाची यादी ऑनलाइन : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

१० जून २०२४

कार्यकारिणीची मंजुरी मिळाली, आजपासून नोंदी ठेवतेय. काम एवढंच, की आपल्याकडे एखादं पुस्तक आहे का आणि ते आत आहे की बाहेर गेलंय, हे सभासदाला घरबसल्या मोबाईलवर बघता आलं पाहिजे, तेही मराठीत टाईप करून. आपलं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं वाचनालय, सरकारी दर्जा 'ब' वर्ग, पुस्तकं वीसेक हजार, आणि सभासदांतले बरेच जण आसपासच्या गावातून एसटीने येतात. तिकीट काढून यायचं, पाऊस अंगावर घ्यायचा आणि इथे आल्यावर कळणार की पुस्तक गेल्या आठवड्यातच कोणीतरी नेलंय. हे थांबवता येतं, आणि त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही असं मी मीटिंगमध्ये सांगितलंय. अनुदान येतं ते पगार, पुस्तकं आणि मासिकांच्या वर्गण्या यातच संपतं, त्यामुळे जे करायचं ते फुकट साधनांवरच.

१३ जून

कोहा (वाचनालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं की नाही यावर अध्यक्ष सरांशी बराच वेळ बोलणं झालं. कोहा उत्तमच आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी बनवलं गेलं, २००० सालापासून सगळ्या जगाला मोफत आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत चालतं. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, आणि रात्री तो बंद पडला तर सकाळी चालू करणारा माणूस लागतो, तो आपल्याकडे नाही. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर पण बघितलं, त्याचा विचार पुढे करू. सध्या गूगल शीट. मात्र रकाने असे पाडायचे की उद्या कोहात जायचं ठरलं तर मार्कच्या (ग्रंथालयांत पुस्तकांच्या नोंदींसाठी वापरतात तो साचा) खुणांना जुळले पाहिजेत, म्हणजे २४५ ला शीर्षक, १०० ला लेखक, ०२० ला आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक). लेखक आणि अनुवादक एकाच रकान्यात कोंबायचे नाहीत, हे आधीच ठरवून टाकलं.

दाखल क्रमांक हीच मुख्य ओळख. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, त्यामुळे त्याच्यावर विसंबून काहीच उभं करता येणार नाही. ज्यांच्यावर आहे (९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारे) त्यांच्यासाठी तो रकाना आधीच साधा मजकूर म्हणून सेट केला, नाहीतर शीट त्याला मोठा आकडा समजते.

२१ जून

साधारण २००९ च्या सुमारास कोणीतरी दाखल नोंदवहीतली बरीचशी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवली होती. ती फाईल सापडली. जुन्या फॉन्टमधली आहे, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. ज्याने कोणी ते केलं त्याच्या कष्टांची मला फार कदर वाटते, दहा-अकरा हजार नोंदी आहेत, त्या परत टाईप करायच्या म्हणजे वर्ष गेलं असतं. युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) बदलणारे मोफत कन्व्हर्टर नेटवर आहेत, आपल्या फॉन्टचा मिळाला.

बदलून झाल्यावर ऐंशी टक्के बरोबर दिसतं पण उरलेल्यात घोळ. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, कन्व्हर्टर ती उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेवतो, पण मध्ये जोडाक्षर आलं की चुकीच्या जागी अडकते. रफाराचं पण तेच. हे सगळं डोळ्यांनी शोधत बसायची गरज नाही. दोन मात्रा (काना, वेलांटी, उकार अशी स्वरचिन्हं) लागोपाठ आल्यात, किंवा हलंताला (पाय मोडल्याच्या खुणेला) लागून मात्रा आलीय, असं मराठीत कधी होत नाही, म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा ठरावीक नमुना शोधायच्या सूत्राने) फक्त तशा ओळी वेगळ्या काढल्या. त्या मात्र मूळ नोंदवही शेजारी ठेवून हाताने दुरुस्त करायच्या, अंदाजाने नाही. काउंटरवरच्या ताई आणि बाल विभागाच्या काकू दुपारच्या शांत वेळात बसतायत, एकजण वहीतून मोठ्याने वाचते आणि दुसरी शीटमध्ये बघते. या पद्धतीने काम भराभर होतंय आणि मला वाटतं ते दोघींना आवडतंय पण.

२ जुलै

ओपनरिफाइन, म्हणजे विस्कटलेल्या याद्या साफ करायचा प्रोग्रॅम, बसवला. ज्यांच्याकडे अशी विस्कटलेली यादी आहे त्या प्रत्येक वाचनालयाने हे वापरून बघावं. मोफत आहे, ब्राउझरमध्ये उघडतं पण चालतं आपल्याच कॉम्प्युटरवर, यादी बाहेर कुठे जात नाही.

एकाच लेखकाची नावं किती तऱ्हेने लिहिलेली असतात हे बघायचं तर खांडेकरांचं घ्या. 'खांडेकर वि. स.', 'वि. स. खांडेकर', 'वि.स.खांडेकर', 'खांडेकर, विष्णू सखाराम', शिवाय एका ठिकाणी अनुस्वार सुटलेला. क्लस्टर करायची, म्हणजे सारख्या नोंदी एकत्र आणायची, सोय आहे तिच्यातली फिंगरप्रिंट पद्धत विरामचिन्हं काढून टाकते, शब्द क्रमाने लावते आणि जे सारखे दिसतात त्यांचा गठ्ठा करून पुढ्यात ठेवते. पहिली दोन लगेच एकत्र आली. पण 'वि.स.' मध्ये जागा न सोडता लिहिलं असेल तर टिंब गेल्यावर त्याचं 'विस' होतं आणि ते गठ्ठ्यात येत नाही. मराठी नावांत आद्याक्षरांची ही सवय सगळीकडे आहे, म्हणून क्लस्टरच्या आधी प्रत्येक टिंबानंतर एक जागा घालून घ्यायची, मग बघा किती फरक पडतो. पूर्ण नाव लिहिलेली मात्र हातानेच जोडावी लागली. आणि गठ्ठा समोर आला म्हणून डोळे मिटून 'मर्ज' दाबायचं नाही, एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षरांचे दोन वेगळे लेखक असू शकतात, पुस्तक हातात घेऊन प्रकाशक बघायचा.

११ जुलै

फाईल सीएसव्ही (नुसता मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे) करून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) निवडून 'इम्पोर्ट' केलं की नीट दिसतं, नुसतं डबल क्लिक करायचं नाही. काउंटरवर चिठ्ठी लावलीय.

१८ जुलै

या प्रकल्पातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आता आला, म्हणजे शोध. यादी ऑनलाइन टाकणारी वाचनालयं आहेत, पण शोधचौकटीत शब्द टाकला आणि पुस्तक कपाटात असून 'काही सापडलं नाही' असं आलं तर वाचक परत त्या पानावर येत नाही, त्याला वाटतं पुस्तकच नाही.

कऱ्हाडचंच बघा. आपल्या यादीत स्थानिक इतिहासाची पुस्तकं आहेत, त्यात हे गाव सतत येतं. कोणी 'कऱ्हाड' असं वेगळा ऱ वापरून टाईप करतं, कोणी 'कर्‍हाड' असं, ज्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, तर कोणी सरळ 'कराड'. पहिली दोन स्क्रीनवर सारखीच दिसतात, डोळ्याला काही फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरला ती वेगळीच अक्षरं. तसंच 'ॲ' चं. ॲक्युप्रेशरची पुस्तकं आपल्याकडे सतत मागतात. हे ॲ अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीची मंडळी अ वर चंद्र देऊन लिहायची, आणि काही कीबोर्डवर ऍ येतं. म्हणजे एकच शब्द तीन प्रकारे.

उपाय म्हणून शीटमध्ये एक लपवलेला रकाना केलाय, त्याला आम्ही 'शोधकी' म्हणतो. शीर्षक, लेखक, विषय सगळं त्यात एकत्र येतं आणि सपाट होतं, म्हणजे न दिसणारी चिन्हं जातात, ऱ चा र होतो, ॲ ची तिन्ही रूपं एक होतात, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व होतात, ण चा न, ष चा श, विरामचिन्हं गायब. वाचकाने टाईप केलेला शब्द पण याच नियमांनी सपाट करून मग जुळवायचा. वाचकाला दिसतं ते मात्र शुद्ध, नोंदवहीप्रमाणे. ण-न एक केल्यामुळे कधी एखादं भलतं पुस्तक पण निकालात येईल, त्याने काही बिघडत नाही. असलेलं पुस्तक न दिसणं हे वाईट. 'कराड' आणि 'कऱ्हाड' नियमाने जुळत नाहीत, मध्ये ह आहे, तर अशा गावांच्या आणि नावांच्या जोड्यांची वेगळी छोटी यादी ठेवलीय, ती वाढत जाईल.

२६ जुलै

शोधाचं पान तयार. गूगल साइट्सवर साधं पान, त्यात ॲप्स स्क्रिप्टने (गूगल शीटला जोडता येणारा छोटा प्रोग्रॅम) केलेली शोधचौकट. उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात. गिटहबवर (वेबपानाच्या फाईली फुकट ठेवायची साइट) टाकलं असतं तर पटकन आलं असतं, हे भाच्याने दाखवलं पण, पण मग दर वेळी नवीन पुस्तकं आली की फाईल चढवणारा माणूस लागणार. इथे ताईंनी शीटमध्ये ओळ भरली की ती शोधात आली. मी नसताना, माझ्यानंतर पण चाललं पाहिजे, म्हणून हेच.

सभासदांची माहिती वेगळ्या फाईलमध्ये, ती कुणालाच शेअर नाही, फक्त काउंटरच्या खात्यावर. सार्वजनिक फाईलमध्ये पुस्तकाची स्थिती तेवढी येते, 'आत' किंवा 'बाहेर, अमुक तारखेपर्यंत'. कोणी नेलंय ते कुठेही दिसत नाही. कोण काय वाचतं हा त्या माणसाचा प्रश्न आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय हे कार्यकारिणीला पण सांगून ठेवलं.

१२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन, डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. मुद्दाम आजच पान सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हा मी पानाच्या वरती लिहिलाय, कारण हे सगळं त्याच्यासाठीच आहे. वाचनकक्षात छोटा कार्यक्रम, सभासदांना मोबाईलवर शोधून दाखवलं. एका आजींनी स्वतः टाईप न करता कीबोर्डवरच्या माइकवर बोलून शोधलं आणि पुस्तक आलं. बोलून टाईप केलेलं पण त्याच शोधकीतून जातं, त्यामुळे आजींसाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

क्यूआर कोडचे कागद दारावर, काउंटरवर आणि एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लावले. इथे एक सांभाळायचं, बऱ्याच फुकट साइट आपल्या पत्त्याऐवजी स्वतःच्या छोट्या लिंकचा कोड करून देतात आणि काही दिवसांनी पैसे मागतात. छापायच्या आधी स्कॅन करून बघायचं, थेट आपल्या पानाचा पत्ता दिसला तरच छापायचं. गूगल मॅपवर वाचनालयाची वेळ, सुट्टीचा वार आणि मराठी नाव भरलं.

२३ ऑगस्ट

एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची दृष्टी आता जवळजवळ गेलीय. घरी त्यांच्या नातवाने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम) बसवून दिलाय. सरांना पान उघडून ऐकायला सांगितलं आणि मी शेजारी बसले. शोध चालला, निकाल पण वाचून दाखवले, पण प्रत्येक ओळीत नुसतं 'बाहेर' ऐकू यायचं, कुठल्या पुस्तकाचं ते कळेना, कारण तक्त्याला मथळे नीट दिलेले नव्हते. ते दिले. दुसरं म्हणजे 'नवीन पुस्तकं' आपण रंगीत पोस्टर करून टाकतो, ते सरांच्या दृष्टीने कोरं पान. आता पोस्टरच्या खाली सगळी नावं मजकुरात पण टाकायची हा नियम केला. त्यांना सुगम्य पुस्तकालयाची माहिती दिली, २०१६ पासून आहे, दृष्टिहीनांना वाचता येतील अशा स्वरूपात पुस्तकं तिथे मिळतात. नोंदणीसाठी कागदपत्रं गोळा करायला मी मदत करतेय.

५ सप्टेंबर

मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण. आत्तापर्यंत ताई फोन करायच्या, अर्धे उचलत नाहीत. ईमेल आपले सभासद बघत नाहीत, व्हॉट्सॲप सगळे बघतात. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलं तर ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातं, आणि तसंही प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. मग देवघेवीच्या शीटमध्येच युक्ती केली, व्हॉट्सॲपची 'क्लिक टू चॅट' लिंक असते तिच्यात नंबर आणि निरोप दोन्ही घालता येतात. सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, तारीख जोडून निरोप तयार होतो आणि एन्कोडयूआरएल नावाचं फंक्शन त्याला लिंकमध्ये बसेल असं करतं (देवनागरी तशीच घातली तर लिंक मध्येच तुटू शकते). ज्या ओळीची मुदत संपली तिथेच 'आठवण' असा निळा शब्द येतो, ताई त्यावर क्लिक करतात, निरोप भरलेला समोर येतो, वाचून पाठवायचा. आपोआप जात नाही हे चांगलंच आहे, कारण ज्यांच्या घरी आजारपण आहे किंवा दुःखद काही घडलंय ते ताईंना माहीत असतं आणि त्या तो दिवस सोडून देतात.

निरोपाची भाषा पण बदलली. दंडाचा उल्लेख नाही, 'पुस्तक वाचून झालं असेल तर आणून द्यावे, अजून हवे असल्यास 'मुदतवाढ' असे कळवावे' एवढंच. लोक 'मुदतवाढ' लिहून पाठवतायत.

२० सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. अभ्यासिकेतल्या मुलांनी मागितलं म्हणून 'घरबसल्या मोफत' असं पान केलं. मराठी विश्वकोश (वाईहून निघतो, आपल्याच जिल्ह्यातला), नॅशनल डिजिटल लायब्ररी, मराठी विकिस्रोत, साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत ई-पुस्तकं, जुने गॅझेटियर. प्रत्येक लिंकखाली ती कशासाठी उपयोगी ते एका ओळीत लिहिलं, नाहीतर नुसत्या लिंकांच्या ढिगाऱ्यात कोणी शिरत नाही.

पीडीएफची मागणी मात्र फार होते. ग्रुपवर फिरणारी चालू लेखकांची पुस्तकं वाचनालयाच्या पानावर ठेवायला मी नकार दिलाय आणि तो कायम राहणार. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, ती मोजायची पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, ते याच वर्षीच्या १ जानेवारीला खुले झाले. असं खुलं लेखन शोधून देऊ, मुलांना डाउनलोड करायला शिकवू, पण जे लेखक आणि प्रकाशक आज यावर जगतात त्यांचं पुस्तक विकत घेऊनच द्यायचं, ते वाचनालयाचं कामच आहे.

८ ऑक्टोबर

दिवाळी अंकांची योजना या वर्षी फॉर्मवर. दर वर्षी काउंटरवर गर्दी होते आणि जे लांब राहतात त्यांच्या वाट्याला चांगले अंक येतच नाहीत. गूगल फॉर्ममध्ये सभासद क्रमांक आणि पसंतीचे पाच अंक क्रमाने, एवढंच विचारलं. प्रत्येक उत्तरापुढे ते कधी आलं ती वेळ नोंदलेली असते, त्यावरून प्रतीक्षा यादी आपोआप. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी काउंटरवर ताई तोच फॉर्म भरतात, कागदाची वेगळी रांग ठेवली नाही, म्हणजे कोणाचा नंबर मागे-पुढे होत नाही.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. शाळेतली मुलं आली होती, शोधपान दाखवलं. बरीच मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करतात, त्यांना काहीच मिळेना. अक्षरमुख नावाच्या मोफत लिपी बदलणाऱ्या साधनातून बाल विभागाच्या सगळ्या शीर्षकांचं रोमन रूप काढून शोधकीत टाकलं, शब्दाच्या शेवटचे जादाचे 'a' काढून. सध्या फक्त बाल विभागापुरतं.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अंक फिरायला लागलेत, फॉर्ममुळे तक्रारी जवळजवळ नाहीत.

यातूनच पुढचं काम निघालं. पोटमाळ्यावरच्या दोन कपाटांत जुने दिवाळी अंक आहेत, बांधलेले. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि मराठीतल्या कितीतरी कथा, लेख, व्यंगचित्रं आधी दिवाळी अंकात आली, त्यातली बरीच पुस्तकात कधी आलीच नाहीत. आपल्या यादीत त्यांची नोंद काय, तर अंकाचं नाव आणि साल. आत काय आहे हे अंक उघडल्याशिवाय कळत नाही. एका संशोधक मुलीला एका लेखिकेच्या सुरुवातीच्या कथा हव्या होत्या, ती दिवसभर धूळ खात अंक चाळत बसली, तेव्हाच ठरवलं की याची सूची करायची.

पद्धत अशी बसवली: फक्त अनुक्रमणिकेच्या पानांचे मोबाईलने फोटो, ते गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडायचे, की फोटोतल्या छापील मराठीचा टाईप केलेला मजकूर होऊन येतो. जुन्या खिळ्यांच्या (धातूची अक्षरं जुळवून केलेल्या) छपाईत र आणि स, घ आणि ध यांची गल्लत होते, पान क्रमांक पण तपासावे लागतात. मग शीटमध्ये लेख, लेखक, प्रकार, अंक, साल, पान. मूळ लेख स्कॅन करत नाही, नुसती सूची, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही. हव्या त्या माणसाने इथे येऊन वाचावं.

१९ नोव्हेंबर

शेजारच्या गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई येऊन गेल्या. त्यांना कोऱ्या शीटची प्रत दिली, शोधकीचे नियम आणि गावांच्या जोड्यांची यादी यासकट, आणि डिसेंबरमध्ये एक दिवस तिथे जाऊन बसणार आहे. त्यांच्याकडे नोंदवही सोडून काहीच नाही, पण जुन्या फॉन्टची भानगड पण नाही, थेट युनिकोडमध्ये सुरुवात होईल.

दिवाळी अंकांच्या सूचीत सत्तरच्या दशकातले अंक घेतलेत. दोन कॉलेजची मुलं शनिवारी येतात. अजून काय राहिलंय: पाठकोऱ्या वह्यांतल्या जुन्या दाखल नोंदी, संदर्भ विभाग, आणि १९६० च्या आधीचे अंक. त्यांची बांधणी ढिली आहे, पानं कडेला मोडतात, त्यामुळे ते स्कॅनरच्या काचेवर दाबायचे नाहीत, टेबलावर अर्धेच उघडून वरून फोटो घ्यायचे आणि एकाने पान धरायचं, हे मुलांना पुढच्या शनिवारी सुरुवातीलाच दाखवायचं.